पार्किन्सनमध्ये वारंवार पडणं : बाबांचं चालणं बंद करण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ७२ वर्षांचे, पार्किन्सनचं निदान होऊन सात वर्षं झाली. गेल्या चार महिन्यांत ते पाच वेळा पडले, त्यात एकदा कपाळाला टाके घालावे लागले. न्यूरॉलॉजिस्टनी गोळी वाढवली, तिने हात मोकळे झाले, पण पडणं थांबलं नाही. आई ६६ वर्षांच्या, त्यांना बाबांना उचलणं झेपत नाही. नातेवाईक म्हणतात, आता एका जागी बसवून ठेवा आणि चक्करेची गोळी सुरू करा. तुम्हाला हवंय ते म्हणजे पायांत ताकद येईल असा व्यायाम, आणि वॉकर घ्यावा की व्हीलचेअर याचं उत्तर. शिवाय पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे, तिथे त्यांना न्यावं का?

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये पार्किन्सनचे पेशंट बरेच असतात. बाबांना मी पाहिलेलं नाही. त्यांचं बीपी, बाकीची औषधं, स्मरणशक्ती, डोळे, गुडघे यांवर बरंच काही ठरतं, त्यामुळे पुढचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. तरी एक गोष्ट खात्रीने सांगते. ‘पाच वेळा पडले’ एवढ्या माहितीवर कुणालाच उपाय सांगता येणार नाही. ती पाच पडणी पाच वेगळ्या कारणांची असू शकतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

आधी ताकदीचं बघू. बाबांना खुर्चीत बसवा, गुडघा सरळ करून पाय उचलून धरायला सांगा आणि तुम्ही वरून दाबून बघा. बहुतेक तुम्हाला तो सहजी खाली दाबता येणार नाही. म्हणजे स्नायूंत जोर आहे. बिघडलंय ते वेगळंच. तुम्हाआम्हाला गर्दीत धक्का लागला तर विचार करायच्या आत घोटे सावरतात, कंबर सावरते, तेवढ्याने भागलं नाही तर एक पाय झटकन पुढे किंवा मागे पडतो. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या खोल भागात डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि हे आपोआप होणारं सावरणं मंदावतं. पाऊल उशिरा पडतं, आणि पडतं तेही एवढंसं. त्यात शरीर पुढे वाकलेलं, म्हणजे वजन आधीच बोटांकडे गेलेलं असतं. न्यूरॉलॉजिस्ट पेशंटच्या मागे उभे राहून खांदे धरून एकदम ओढतात ना, ते हेच तपासतात. (ही तपासणी घरी करून बघू नका.) १९६७ साली होन आणि यार यांनी या आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्यातली तिसरी पायरी तोल जायला लागण्याची आहे. सात वर्षांनी बाबा तिथे पोचले असतील तर त्यात अनपेक्षित काही नाही, आणि त्यांचा हलगर्जीपणा तर मुळीच नाही. घरोघरी ‘बघून चालता येत नाही का’ हे वाक्य ऐकू येतं, म्हणून मुद्दाम सांगते.

लेव्होडोपाच्या गोळीने, म्हणजे सिंडोपा वगैरे नावांनी मिळते तिने, हालचालीतला मंदपणा आणि ताठरपणा चांगला कमी होतो. पण तोल सावरण्याच्या या क्रियेवर तिचा परिणाम बराच कमी असतो. म्हणून डोस वाढवूनही पडणं तसंच राहिलं. कधी कधी तर उलटच होतं. गोळी लागू पडल्यावर माणूस मोकळा होतो, भराभर उठतो, भराभर वळतो, तोल मात्र पूर्वीइतकाच कच्चा असतो, आणि तेव्हाच तो पडतो.

त्यामुळे या आठवड्यात एकच काम करा. एक वही घ्या आणि झालेल्या पाचही पडण्यांबद्दल आईंना आणि बाबांना बसवून विचारा, आठवेल तेवढं लिहा. पुढेही लिहीत राहा, नुसता तोल गेला पण सावरला तरी लिहा. कुठे, किती वाजता, शेवटची गोळी घेऊन किती वेळ झाला होता, त्या क्षणी नेमकं काय करत होते, हातात काही होतं का, कुठल्या बाजूला पडले, पायात काय होतं, आणि पडण्याच्या आधी डोळ्यांपुढे अंधारी आली की पाय जमिनीला चिकटले. ‘बाथरूममध्ये पडले’ एवढं लिहून भागत नाही. आत जाताना दारात अडकून पडले, कमोडवरून उठताना मागे गेले की बेसिनकडे वळताना गेले, यांतलं काय झालं ते हवं.

एका निवृत्त शिक्षकांचं सांगते. ते चार वेळा पडले होते आणि घरच्यांच्या मते ‘कुठेही, कधीही पडतात’ अशी परिस्थिती होती. वही लिहायला लागल्यावर दिसलं की चारपैकी तीन वेळा ते फ्रिजपाशी पडले होते, सकाळी, हातात चहाचा कप असताना. स्वयंपाकघरातून कप घेऊन निघायचे, फ्रिजपाशी डावीकडे काटकोनात वळायचं, आणि नेमकं त्याच वेळी आतून हाक यायची, “अहो, बिस्किटं राहिली.” ते मान वळवायचे, शरीर वळायचं, पाय तिथेच राहायचे. आम्ही त्यांना व्यायाम दिलेच, पण मोठा फरक पडला तो चहा टेबलावर आणून द्यायला लागल्यावर आणि चालत्या माणसाला हाक न मारण्याचा नियम घरात झाल्यावर.

या एका उदाहरणात दोन मोठी कारणं आहेत, वळणं आणि एका वेळी दोन कामं. निरोगी माणसाचं चालणं आपोआप होतं. पार्किन्सनमध्ये ते लक्ष देऊन करावं लागतं, नवशिका माणूस गाडी चालवताना क्लच आणि गिअरकडे लक्ष देतो तसं. ते लक्ष फोनकडे, बोलण्याकडे किंवा हातातल्या ताटलीकडे गेलं की पावलं लहान होतात, किंवा थांबतात. म्हणून चालताना बोलायचं नाही, बोलायचं तर थांबायचं. सामान खांद्याच्या झोळीत किंवा कमरेच्या पाऊचमध्ये, हात मोकळे. मोबाइल वाजला तर वाजू दे, पुन्हा येईल. दाराची बेल वाजली की ते तिरासारखे उठत असतील तर बेल आईंनीच घ्यायची, हे आधी ठरवून ठेवा.

वळण्याची युक्ती शिकवता येते. जागच्या जागी टाचेवर गिरकी घ्यायची नाही. जागा असेल तर अर्धगोल घेत, पावलं टाकत वळायचं. जागा नसेल तर पायाखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं आणि बारावरून तीनवर, तीनवरून सहावर असं एकेक पाऊल उचलून ठेवत जायचं. आधी पाय, मग शरीर. दिवसातून काही वेळा, कुणीतरी शेजारी उभं असताना, याचा सराव करून घ्या. सांगून कळतं सगळ्यांना, पण ऐन वेळी तेच आठवायला सरावच लागतो.

आता पाय चिकटण्याबद्दल. दारात, लिफ्टपाशी, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, किंवा खुर्ची दोन पावलांवर आली असताना पाय जमिनीला खिळतात. वरचं शरीर पुढे जायला निघालेलं असतं, त्यामुळे माणूस तोंडावर पडतो. कपाळाचे टाके बघता बाबांचं असंच काही झालं असेल का, हे आईंना नक्की विचारा. असं होतं तेव्हा घरचे प्रेमाने हात धरून ओढतात, आणि तीच सगळ्यात धोक्याची मदत आहे. शरीर आणखी पुढे येतं, पाय मागेच राहतात. त्याऐवजी म्हणायचं, “थांबा. सरळ उभे राहा. श्वास घ्या.” मग वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर, डावीकडे-उजवीकडे डोलल्यासारखं घ्यायला लावायचं, आणि “एक, दोन, तीन, मोठं पाऊल” म्हणायचं. तुम्ही तुमचा पाय त्यांच्या पायापुढे आडवा ठेवून “हा ओलांडा” म्हणालात तरी बऱ्याचदा अडकलेला पाय लगेच उचलला जातो.

याचं कारण असं की आतून येणारा ‘चल’ हा इशारा अडखळतो, पण बाहेरून मिळणारा इशारा वेगळ्या वाटेने काम करतो. डोळ्यांना दिसणारी रेघ किंवा कानांना ऐकू येणारा ठेका. सपाट फरशीवर अडखळणारी माणसं जिन्याच्या पायऱ्या सहज चढतात, ते म्हणूनच. लोकांना ते नाटक वाटतं, पण ते खरंच असतं. तेव्हा अडकायच्या ठरलेल्या जागी जमिनीवर ठसठशीत वेगळ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या लावा, साधारण एका पावलाच्या, म्हणजे दीड फुटाच्या अंतराने. शहाबादी फरशीवर पिवळी चिकटपट्टी छान दिसते. एका घरात सुनेने मोठ्या हौसेने रांगोळीच्या रेघा काढल्या होत्या. कल्पना अगदी बरोबर होती, पण रांगोळी पायाखाली घसरते. त्यांना मी ऑइलपेंटने रेघा मारायला सांगितल्या.

ठेक्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टिक-टिक करणारं, ॲप मिळतं. ठेका त्यांच्या नेहमीच्या चालीइतका किंवा किंचित संथ ठेवा. जलद ठेवलात तर पावलं लहान होत होत धावायला लागतात. ॲप नको असेल तर तोंडाने म्हणता येईल असं काहीही चालतं. माझ्याकडच्या एक मावशी वारीला जाऊन आलेल्या होत्या. त्यांना ‘एक-दोन, एक-दोन’ जमेना, पण ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हटलं की पावलं बरोबर पडायची. दारापाशी आल्या की त्या थांबून दोनदा म्हणायच्या आणि मग उंबरठा ओलांडायच्या. बाबांच्या अंगात जो ताल आधीपासून आहे तो शोधा.

चौथं कारण बीपीचं, आणि हे घरोघरी सुटून जातं. पार्किन्सनमध्ये उभं राहिल्यावर रक्तदाब सावरणारी यंत्रणाही अनेकांची ढिली पडते, आणि लेव्होडोपा तो आणखी उतरवू शकतं. घरी यंत्र असेल तर असं करा. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी खुर्ची आणि एक माणूस हवाच. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर ते आकडे तारीख-वेळेसह लिहून डॉक्टरांना दाखवा. नुसतं बसून घेतलेलं बीपी ‘नॉर्मल’ येतं आणि सगळे निर्धास्त होतात. सकाळी उठल्यावर, भरपेट जेवणानंतर, आणि कढत पाण्याच्या आंघोळीनंतर पडणं होत असेल तर हा संशय जास्त घ्या.

यात त्यांची जुनी औषधं फार महत्त्वाची. दहा वर्षांपूर्वी सुरू झालेली बीपीची गोळी आज त्यांना जास्त होत असेल. प्रोस्टेटसाठी दिलेली टॅमसुलोसिनसारखी गोळीही बीपी उतरवते. स्वतःहून काहीही बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि स्पष्ट विचारा, “उभं राहिल्यावर बीपी उतरतंय, यांतलं काय कमी करता येईल?” तोवर पलंगावरून उठताना दोन मिनिटं पाय खाली सोडून बसणं, बसल्या बसल्या पावलं वर-खाली हलवणं आणि सकाळी उठण्याआधी दोन पेले पाणी पिणं एवढं सुरू करा. पाण्यावर किंवा मिठावर निर्बंध असेल, हृदय किंवा किडनीचा त्रास असेल, तर हेही विचारूनच.

आता चक्करेच्या गोळीबद्दल, आणि हे कृपा करून नातेवाइकांना वाचून दाखवा. तोल जाणं म्हणजे चक्कर नव्हे. आपल्याकडे चक्करेसाठी सर्रास दिली जाणारी सिनारिझिन, फ्लुनारिझिन आणि स्टेमेटिल नावाने मिळणारं प्रोक्लोरपेराझिन ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचंच काम अडवतात. म्हणजे आहे तो पार्किन्सन आणखी वाढतो. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड आणि ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये जोडीला असलेलं लेव्होसल्पिराइड यांचंही तेच. पार्किन्सन नसलेल्या माणसालाही ही औषधं महिनोन् महिने घेतल्याने कंप, मंदपणा आणि अडखळती चाल येऊ शकते. माझ्याकडे चाल अचानक बिघडली म्हणून कुणी आलं की मी आधी ॲसिडिटीसाठी काय घेता ते विचारते, आणि कॅप्सूलच्या पाकिटावरची बारीक अक्षरं स्वतः वाचते. तुम्हीही वाचा. यांतलं काही सापडलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टना फोन करा. झोपेच्या गोळ्यांबद्दलही विचारा. रात्री लघवीला उठणारा माणूस आणि अल्प्राझोलामची गुंगी ही जोडी फार वाईट.

इथवरचं एकत्र सांगायचं तर वहीतल्या प्रत्येक पडण्यापुढे कारण लिहायचा प्रयत्न करा : वळताना, दोन कामं करताना, पाय चिकटून, बीपी उतरून, की औषधाच्या गुंगीत. आणखी एक प्रकार उरतो, उठता-बसताना मागे जाण्याचा.

उठताना मागे पडणारे लोक बहुतेक पाठ टेकलेली असतानाच उठायला बघतात. आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं, आणि मग हातांनी खुर्चीचे हात दाबत उठायचं. उठल्यावर लगेच चालायचं नाही, मनात पाच आकडे मोजायचे. बसताना घाई जास्त होते. खुर्ची दिसली की लांबूनच हात पुढे करून झेपावतात आणि अर्धवट वळलेले असतानाच बसतात. दोन्ही पोटऱ्यांना खुर्चीची कडा लागली की मगच बसायचं. मऊ, खोल सोफा त्यांच्यासाठी बंद. हात असलेली, जरा उंच, न सरकणारी खुर्ची हवी. देवपूजेला पाटावर बसायचा आग्रह असेल तर देवघर टेबलावर घ्या. पूजा सोडायला लावू नका, ती त्यांच्या दिवसाचा खांब असते.

घराबद्दल फार लिहीत नाही, कारण हे सगळीकडे मिळतं. पायपुसणी आणि कडा वळलेल्या सतरंज्या उचला, दारातल्या चपला बाजूला करा, रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा राहू दे, आणि वीज जाते तिथे चार्जिंगचा दिवा. पायजमा किंवा लुंगी घोट्याच्या वर. घरातही सपातांऐवजी मागून बंद असलेली चप्पल. पण रबराचा तळ फार पकड घेणारा असेल तर पाय घासत चालणाऱ्याचा बूटच अडकतो, ते चालवून बघा. बाथरूममध्ये भिंतीत घट्ट बसवलेले दांडे आणि आंघोळीला स्टूल, यांवर मात्र पैसे खर्च कराच. टॉवेलच्या दांडीला धरून उठायची सवय असेल तर ती दांडी एक दिवस हातात येते.

वॉकर की व्हीलचेअर? औषधांच्या दुकानात मिळणारा चार पायांचा, उचलून पुढे ठेवायचा ॲल्युमिनियमचा वॉकर पार्किन्सनवाल्याला बहुधा मानवत नाही. उचला, ठेवा, पाऊल टाका, यात चालीची लय तुटते, आणि मागे पडणारा माणूस वॉकर उचलतानाच मागे जातो. चार चाकांचा, हाताने दाबायचे ब्रेक असलेला वॉकर अनेकांना बरा पडतो. पण बाबांची पावलं लहान होत धावायला लागत असतील तर तोच त्यांना ओढून नेईल. म्हणून आधी फिजिओथेरपिस्टसमोर चालवून बघा, मग विकत घ्या. साधी काठी काहींना पुरते, मनगटाच्या घडीइतकी उंच. चार पायांच्या काठीत स्वतःचाच पाय अडकताना मी पाहिलेला आहे. व्हीलचेअर लांबच्या अंतरासाठी, गर्दीसाठी जरूर घ्या. घरातल्या घरात मात्र नको.

आणि इथेच ‘बसवून ठेवा’ याचं उत्तर. पडायच्या भीतीने चालणं बंद केलं की महिन्याभरात मांड्यांची ताकद खरोखर जायला लागते, सांधे आखडतात, भीती वाढते, आणि मग संडासापर्यंतच्या दहा पावलांतही माणूस पडतो. तुमच्या नातेवाइकांची काळजी खरी आहे, पण त्यांचा उपाय पडणं वाढवणारा आहे.

व्यायाम हवाच, पण तोलाचा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमधल्या संशोधकांनी १९५ पार्किन्सन पेशंटवर केलेला ताई-ची या संथ चिनी व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ताई-ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं. त्यात जे आहे तेच आपल्याला हवं : वजन संथपणे एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, मोठी पावलं, सगळ्या दिशांना. ताई-ची शिकवणारे जवळ नसतील तर फिजिओथेरपिस्ट हेच वेगळ्या रूपात करून घेतात. घरी करायचं तर स्वयंपाकघरातला ओटा धरून बाजूला पावलं टाकणं, एक पाय पुढे-मागे ठेवून वजन हलवणं, खुर्चीतून न धरता उठण्याचा सराव, हात झुलवत मोठ्या पावलांनी चालणं. वेळ निवडायची ती गोळी लागू झालेली असतानाची. ती गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर बरी लागू पडते. डाळ, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे तिचं शोषण अडतं. आजार पुढे गेलेल्यांनी तोलाचे व्यायाम एकट्याने करायचे नाहीत. बाबा चार महिन्यांत पाच वेळा पडलेत, म्हणजे शेजारी माणूस हवाच, आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी यांच्याकडे चौकशी करा. बाबांना तिथे आपल्यासारखी माणसं भेटतील, आणि आईंनाही. मला वाटतं आईंना त्याची जास्त गरज आहे.

बाबा पडले तर आईंनी त्यांना काखेत हात घालून उचलायचं नाही. असं करताना आईंची कंबर जाईल आणि दोघंही पडतील. आधी दोन मिनिटं तसंच राहू द्या, कुठे दुखतंय विचारा. जांघेत जबरदस्त दुखत असेल, पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर उभं करायचा प्रयत्नही नको, ॲम्ब्युलन्स बोलवा. तसं नसेल तर त्यांना कुशीवर वळवा, मग हातांवर-गुडघ्यांवर आणा, पुढ्यात भक्कम खुर्ची ठेवा, तिच्यावर हात टेकवून एक पाय पुढे घेऊन त्यांनाच उठू द्या, आणि मागे दुसरी खुर्ची सरकवा. हे एकदा तुमच्या समोर, गादीवर, ते बरे असताना करून बघा. डोक्याला मार लागला आणि ते अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही घेत असतील, तर वरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरांना दाखवाच. म्हाताऱ्या माणसात कवटीच्या आत रक्त हळूहळू साचतं आणि लक्षणं काही आठवड्यांनीही दिसतात : सारखी झोप, गोंधळ, डोकेदुखी, चाल अचानक खालावणं. कपाळाला टाके पडले होते म्हणून तुम्हाला हे खास सांगतेय. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्वही एकदा तपासून घ्या.

काही परिस्थितींत माझ्यासारखीपेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडे आधी जायला हवं. पडणं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं तर लघवीचा संसर्ग किंवा दुसरं काही आजारपण शोधावं लागतं. चाल, लघवीवरचा ताबा आणि स्मरणशक्ती तिन्ही बरोबरीने बिघडत असतील तर मेंदूतलं पाणी वाढल्याची शक्यता तपासतात, आणि त्यावर उपाय असतो. निदान झाल्यापासून पहिल्या वर्षातच कुणी मागे पडायला लागलं, खाली बघायला त्रास होऊ लागला, तर तो साधा पार्किन्सन नसण्याची शक्यता धरतात. बाबांना सात वर्षं झाली आहेत, त्यामुळे हे शेवटचं तुमच्या बाबतीत कमी संभवतं, पण निदानावर पुन्हा एकदा नजर टाकायला सांगण्यात काही गैर नाही. जाताना वहीबरोबर मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या : दारातून जाताना, वळताना, खुर्चीतून उठताना. दवाखान्यात डॉक्टरांसमोर पेशंट नेहमीपेक्षा चांगला चालतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. घरचा व्हिडिओ बरंच खरं सांगतो.

लग्नाला न्या. हॉलपर्यंत आणि हॉलमध्ये लांब अंतरासाठी व्हीलचेअर ठेवा, पण आत बसवताना हाताच्या खुर्चीवर बसवा, भिंतीच्या बाजूला, म्हणजे मागून-पुढून गर्दी होणार नाही. गोळ्यांची वेळ मुहूर्तासाठी पुढे ढकलू नका; मोबाइलवर गजर लावा आणि गोळ्या स्वतःच्या खिशात ठेवा. जेवण पंगतीत असो की बुफे, ताट त्यांच्या जागेवर आणून द्या. दिवसभर त्यांच्याजवळ राहणारा एक माणूस नेमा, आणि तो आई सोडून दुसरा असू दे. अक्षता टाकायला त्यांना उभं राहायचं असेल तर उभं राहू द्या. पावलं थोडी फाकवलेली, एक हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात अक्षता, आणि तो नेमलेला माणूस त्यांच्या शेजारी, अर्धं पाऊल मागे.